येलवालचा शोध

रविवार. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील येलवाल या गावी लेकीकडे मुक्कामास आल्यापासून नात एकच विचारीत होती, "आजोबा, इथं कधी काही मोठं घडलंय का?" उत्तर ठाऊक असूनही ते न सांगता, इंटरनेटवरून ते कसे हुडकावे हे शिकविण्याची कामगिरी मी आज हौसेने शिरावर घेतली.

तिने नुसते 'येलवाल' लिहिताच भूखंडांच्या जाहिरातींचा लोंढा आला. मी खूण म्हणून सुचविलेले 'विनोबा' लिहिले, तर भूदानाचा अवघा इतिहास उभा ठाकला आणि त्यात येलवालचा पत्ता लागेना. तेव्हा मी सुचविले की, यंत्रास प्रश्न न विचारता, हव्या त्या मजकुरात हमखास असतील असे शब्द द्यावेत, सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालावा, नको त्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावावे, आणि गावाचे नाव 'इलवाल' असेही लिहून पाहावे. 'वजा प्लॉट' टंकताना तिला हसू आवरेना. (शाळेत संगणक शिकवितात, शोधावे कसे, हे मात्र कोणी शिकवीत नाही.)

भूदानातूनच निघालेल्या ग्रामदानाचा धागा मी दिला, आणि 'ग्रामदान परिषद येलवाल' या शब्दांनी अखेर दार उघडले. पहिल्याच दाखल्यावर न विसंबता दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी रुजवात घालण्याची अट मी घातली, ती तिने कुरकुरत का होईना पाळली, आणि वहीत लिहिले : २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी येलवाल येथे विनोबांच्या सान्निध्यात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद एकत्र बसले व परिषदेने ग्रामदानास पाठिंबा दिला.