रस्ता चांगला होता

घाटासाठी कोणती गाडी घ्यावी, स्पोर्ट्स की अ‍ॅडव्हेंचर, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. कधी ऑफिसातला नवा मुलगा, कधी गल्लीतला बारावी झालेला पोरगा, ज्याच्या बापानं अजून होकारही दिलेला नसतो. मी दोन्ही गाड्या घाटात चालवल्या आहेत, म्हणून विचारतात. माझ्याकडं उत्तर आहे. पण त्या उत्तरात माझ्या मित्राचं मोडलेलं कॉलरबोन आहे, त्यामुळं ते दोन वाक्यांत देता येत नाही.

आधी एक मान्य करू. आपल्या सोलापूरला घाट नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, पण सगळं पसरट. विजापूर रोड धरा, हैदराबाद रोड धरा, अक्कलकोट रोड धरा, गाडीचं हँडल वळवायची वेळ येते ती खड्डा चुकवायला किंवा म्हशी आडव्या आल्या तर. पंचेचाळीस किलोमीटरवर तुळजापूरचा घाट आहे, पण तोही आता चौपदरी झालाय. सह्याद्रीचं खरं वळण बघायचं तर पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा गाठायचा आणि पुढं वाई. पसरणी घाटाचं पहिलं वळण येईपर्यंत अडीचशे किलोमीटर झालेले असतात. पुण्याचा पोरगा सकाळी चहा पिऊन ताम्हिणीत जातो आणि जेवायला घरी येतो. आपण घाटात पोचतो तेव्हा निम्मे दमलेलो असतो.

आणि दुसरं म्हणजे आपण गाडी शिकलेलो असतो सरळ रस्त्यावर. सरळ रस्ता माणसाला एकच गोष्ट शिकवतो, पुढच्याच्या मागं जायचं आणि जागा मिळाली की पिळायचं. वळणात नजर कुठं ठेवायची, ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा की वळणात दाबायचा, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, कारण गरजच पडत नाही.

माझी गाडी यामाहाची आर १५, तिसरी आवृत्ती. २०१९ मध्ये घेतली, हप्त्यावर. मी गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये हिशेब बघतो. पगारातला बरा हिस्सा तीन वर्षं त्या गाडीनं खाल्ला आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मित्राची गाडी हीरोची एक्सपल्स २००. त्याचं घर पूर्व भागात. घराच्या खालीच चार यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. वडील गेल्यापासून तोच चालवतो. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहिल्यामुळं तो बोलतो मोठ्यानं आणि ऐकतो कमी.

दोघांत वाद कायम. कागदावर बघाल तर गंमत आहे. माझी १५५ सीसी, त्याची १९९.६ सीसी, आणि ताकद दोन्हींची जवळपास सारखी, अठरा-एकोणीस पीएस. फरक ती ताकद कुठं मिळते यात. माझ्या गाडीला ती दहा हजार आरपीएमला मिळते, म्हणजे चढाला सारखे गिअर पाडून इंजिन ओरडत ठेवावं लागतं. त्याची खालूनच ओढते. माझी जमिनीपासून १७० मिलिमीटर वर, त्याची २२०. माझी दोन्ही चाकं सतरा इंची, रुंद आणि गुळगुळीत टायरांची. त्याचं पुढचं चाक एकवीस इंची, तारांचं, टायरला मोठे ठोकळे. माझ्या गाडीवर माणूस पुढं वाकून टाकीला कवटाळतो, त्याच्या गाडीवर खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो.

दोन्ही प्रकारांचा जन्मच वेगळा आहे. स्पोर्ट्स बाईक ट्रॅकवरून आली. तिथं डांबर स्वच्छ, समोरून एसटी येत नाही, आणि तेच वळण दिवसात पन्नास वेळा घेता येतं. अ‍ॅडव्हेंचरची जात बीएमडब्ल्यूनं १९८० साली आर ८० जी/एस काढली तिथून मोठी झाली, आणि पुढच्याच वर्षी त्या गाडीनं पॅरिस-डकार जिंकली. म्हणजे वाळवंट. आपल्याकडं रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये आली तेव्हापासून पोरांच्या डोक्यात लेह-स्पिती बसलं. एक्सपल्स २०१९ ची. ती स्वस्त होती, म्हणून मागवाल्याच्या पोरालाही घेता आली.

सप्टेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. शनिवारी पहाटे पाचला पंढरपूरच्या रस्त्याला लागलो. पहिले अडीचशे किलोमीटर मी राजा होतो. नव्वदच्या वेगाला माझी गाडी वाऱ्यात घुसते, त्याला वारा छातीवर घ्यावा लागतो. म्हसवडला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "काय लका, मान गेली माझी." मी मनगटं चोळत होतो, पण ते त्याला दिसू दिलं नाही.

पसरणी घाटही माझाच होता. रस्ता चांगला, वळणं उघडी. तिथं स्पोर्ट्स बाईक काय चीज आहे ते कळतं. नुसतं बघितलं तिकडं गाडी जाते. रात्री महाबळेश्वरात एका स्वस्त लॉजवर राहिलो आणि मी त्याला झोपू दिलं नाही इतकी बडबड केली.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरायचा होता, पोलादपूरकडं. आपल्याकडं वर्षात पाचशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधानी असतात. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. २०२१ च्या जुलैत त्या पावसानं हा घाट जागोजागी तोडला होता. आम्ही गेलो तेव्हा काही टप्पे नव्या डांबराचे होते, काही ठिकाणी नुसती खडी आणि चिखल.

खडी आली आणि माझं राज्य संपलं. उतारावर स्पोर्ट्स बाईकवर अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. वर ते बारकं हँडल फार वळत नाही, आखूड शॉकअप प्रत्येक दगड पाठीपर्यंत पोचवतात. मी पाय खाली सोडून, पोट घासेल या भीतीनं, बैलगाडीच्या वेगानं जात होतो. तो फूटरेस्टवर उभा राहिला आणि निघून गेला. सायकलवर सुट्टीचा पोरगा जावा तसा. पुढं वळणावर थांबून माझी वाट बघत हसत होता. "ये की, ये. सावकाश ये," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मला मात्र तो लागला.

तेवढ्यात नवं डांबर सुरू झालं. काळं, सपाट, झाडांच्या सावलीत जरा ओलसर. त्या घाटातला सगळ्यात चांगला रस्ता तोच. मी त्याला ओलांडलं आणि डाव्या हातानं खूण केली. ये म्हणून. ये आता, म्हणून.

पहिल्या वळणाला तो आरशात होता. दुसऱ्यालाही होता. तिसऱ्या वळणानंतर आरसा रिकामा.

मी गाडी वळवून वर गेलो. एक्सपल्स डाव्या कुशीवर, पुढचं चाक कडेच्या चरात. तो रस्त्याच्या मध्ये बसलेला, डावा हात उजव्या हातानं धरून. हेल्मेटच्या आतून म्हणाला, "गाडी बघ आधी." मागून येणारी भाजीची पिकअप थांबली. ड्रायव्हरनं आणि मी त्याला पुढं बसवलं. खालच्या दवाखान्यात कळलं की कॉलरबोन मोडलंय. सहा आठवडे हात झोळीत. संध्याकाळी त्याचे मामा पुण्याहून कार घेऊन आले. एक्सपल्स एका वडापाववाल्याच्या शेडखाली ठेवली. मी माझी गाडी घेऊन एकटा सोलापूरला आलो.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा काकू त्याला भरवत होत्या. कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं, मला नाही, त्याला. तो तेलुगूत म्हणाला, रस्ता खराब होता. एवढं तेलुगू मला कळतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

कॉलरबोन म्हणजे दवाखान्याच्या बिलाचीच गोष्ट नसते. मागाला दोन हात लागतात. धागा तुटला की सांधायला दोन हात, धोट्यात कांडी भरायला दोन हात, आणि बीम चढवायला तर दोन माणसं. त्यानं एक कामगार रोजंदारीवर लावला, चारातले दोन माग बंद ठेवले. दिवाळी तोंडावर होती. मी रोज संध्याकाळी बीम उचलायला जायचो. खडखडाटात बोलावं लागायचं नाही, ते बरं होतं.

दसरा झाल्यावर गाडी आणायला मीच गेलो. एसटीनं सातारा, तिथून महाबळेश्वर, मग पोलादपूरची गाडी. क्लचची दांडी अर्धी तुटलेली, गिअरचा पाय वाकलेला. तिथल्या मेकॅनिकनं तो ठोकून सरळ केला. अशा गाडीचं हे सुख आहे, पडली तरी घरी नेते. मी पहिल्यांदा एक्सपल्स घाटात चालवत होतो. खडीच्या टप्प्यावर थक्क झालो. जिथं माझा जीव जात होता तिथं ही गाडी काही झालंच नाही अशी चालली होती. मनगटं मोकळी, नजर वर, उजव्या हाताला अख्खी दरी. काही दिवसांपूर्वी मी इथून गेलो होतो आणि मला दरी दिसलीच नव्हती.

ते वळण ओळखू आलं. फूटरेस्टनं डांबरावर ओढलेली पांढरी रेघ अजून होती. मी चढत होतो, तो उतरत होता. म्हणून वर जाऊन गाडी वळवली आणि तेच वळण उतरून बघितलं. त्या दिवशी माझ्या मीटरवर पंचेचाळीस होते, हे मला पक्कं आठवत होतं. पस्तीसला मी सोडून दिलं. ब्रेक लावला की लांब शॉकअपमुळं गाडीचं नाक खाली जातं. मोठं चाक वळायला वेळ घेतं. ठोकळ्यांचे टायर डांबरावर किंचित डुगडुगतात. मग घाबरलेला पाय आपोआप मागच्या ब्रेककडं जातो, आणि त्या गाडीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण एका चाकाला असलं तरी नियमाला पुरतं. माझ्या गाडीला दोन्ही चाकांना आहे. ओल्या डांबरावर त्याचं मागचं चाक लॉक झालं असणार आणि सरकलं असणार. मी केलेल्या खुणेचा अर्थ असा होता की माझ्या गाडीला जे येतं ते तुझ्या गाडीनं करून दाखव.

गाडी परत दिली तेव्हा मी त्याला म्हणालो, "रस्ता चांगला होता."

"म्हाईतंय की. मी पडलो तिथं," तो म्हणाला.

"मी हात केला होता."

"हात दिसला नाही मला. मी तुझ्या मागच्या लाईटीकडं बघत होतो."

मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. नाही वाटलं. सरळ रस्त्यावर आम्ही हेच शिकलो होतो, पुढच्याच्या लाईटीकडं बघत जायचं. वळणात माणूस जिकडं बघतो तिकडं गाडी जाते. तो वळणाकडं बघतच नव्हता. तो मी कुठं आहे ते बघत होता.

त्या संध्याकाळी बीम चढवून झाल्यावर मी काकूंना सांगितलं. मराठीत, सगळं. त्या कांड्या मोजत होत्या. मोजणं न थांबवता म्हणाल्या, "मला कळलं होतं त्याच दिवशी. खराब रस्त्यावर तो पडत नाही." मग जरा वेळानं म्हणाल्या, "जेवून जा."

तर, कोणती गाडी? सोलापूरहून निघून घाट बघून परत यायचं असेल, पावसानंतर जायचं असेल आणि एकच गाडी परवडत असेल, तर अ‍ॅडव्हेंचर घ्या. अडीचशे किलोमीटर जाऊन मनगटं शाबूत राहतात आणि रस्ता संपला तरी गाडी संपत नाही. उंची मात्र शोरूममध्ये बसून बघा, मित्राच्या गाडीची सीट ८२३ मिलिमीटरवर आहे, पाय टेकत नसतील तर उतारावर पंचाईत होते. चांगल्या डांबराच्या वळणांसाठी जीव टाकत असाल तर स्पोर्ट्स घ्या, त्या सुखाला तोड नाही. पण एक ध्यानात ठेवा. स्पोर्ट्स बाईक वळणातली चूक बऱ्याचदा पोटात घालते आणि खडीतली घालत नाही. अ‍ॅडव्हेंचरचं उलटं. ती खडीत इतकं सांभाळून घेते की चांगल्या रस्त्यावरही सांभाळेल असं वाटायला लागतं. आणि दोघं जाणार असाल तर आधी पुढं कोण जाणार ते ठरवा. ज्याला सावकाश जायचंय तो पुढं.

डिसेंबरात आम्ही परत गेलो. माझी आर १५ अजून माझ्याकडंच आहे, त्याची एक्सपल्स त्याच्याकडं. पूर्ण घाट तो पुढं होता. त्या वळणाला त्यानं वेग इतका कमी केला की मला दुसरा गिअर टाकावा लागला. मागून माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. पुढं रस्ता रिकामा होता, डांबर कोरडं होतं. पांढरी रेघ पुसट झाली होती. ती त्यानं बघितली की नाही, मला माहीत नाही. तो वळणाकडं बघत होता.