परसांतील छपरी

सेलूच्या स्टेशनावर उतरून वालूरची वाट धरली, म्हणजे प्रवाशाच्या दोहों बाजूंस काळी जमीन पसरलेली दिसते. परभणी जिल्ह्यांतील हें आमचें गांव बाहेरच्या लोकांस आतां ठाऊक झालें आहे तें येथील बारवांमुळें. विशेषतः जिच्या पायऱ्या वळसे घेत खालीं उतरतात त्या वाटोळ्या बारवेमुळें. ती पाहावयास येणारे पाहुणे पुष्कळदां आमच्या ओटीवर घटकाभर टेकतात, पाणी पितात, आणि हातपाय धुण्यासाठीं मागल्या परसांत गेले कीं हटकून विचारतात, “मास्तर, हें काय ठेवलें आहे?” हें म्हणजे आमची छपरी. बारवेविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. छपरीविषयीं दुसरें कोणी लिहील असें दिसत नाहीं, म्हणून तें काम मीं पत्करलें आहे.

छपरी दिसावयास कांहीं सुंदर नाहीं. तीन बाजूंस मातीच्या भिंती, चौथीकडे वाड्याच्या पडक्या भागांतून आणलेलें जुनें दार, आणि वर पत्रा. पूर्वी येथें माळवदाची पडवी होती. ज्यांनीं मराठवाड्यांतील जुनीं घरें पाहिलीं नसतील त्यांस सांगितलें पाहिजे कीं, माळवद म्हणजे मातीचें सपाट छत. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या अथवा काटक्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत अशा घरांत जो गारवा असतो तो विजेच्या पंख्यानें मिळत नाहीं. परंतु गळतें म्हणून पावसाळ्यापूर्वी वर नवी माती घालावयाची, पुढल्या वर्षी आणखी घालावयाची. असा भार वाढत जातो आणि खालीं निजणाऱ्यास त्याची आठवणही राहत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीच्या भूकंपानें ती आठवण फार क्रूरपणें करून दिली. लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें निजल्या जागीं दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. त्याच वर्षी दिवाळीपूर्वी वडिलांनीं मागल्या पडवीचें माळवद उतरवून पत्रा घातला. “वस्तूंना उकडलें तरी चालेल, माणूस दबतां कामा नये,” एवढेंच ते म्हणाले. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोलीकडच्या धक्क्यानें आमच्या फळीवरचीं भांडीं वाजलीं, तेव्हां तें वाक्य मला जसेंच्या तसें ऐकूं आलें.

अशा रीतीनें माणसांची पडवी वस्तूंची छपरी झाली. उतरविलेल्या तुळया प्रथम आंत गेल्या, कारण सागवान टाकवत नाहीं. त्यांच्या मागोमाग तिफण गेली, वखर गेला, मोटेचें चाक गेलें. गिरणी आल्यावर जातें गेलें, गॅस आल्यावर तांब्याचा बंब गेला, आणि धान्य विकत येऊं लागल्यावर शेणानें सारवलेली बांबूची कणगी गेली. घरांतून एकेक वस्तु निवृत्त झाली कीं तिची रवानगी छपरींत होई. मी स्वतः नोकरींतून निवृत्त होऊन गांवीं आलों, तेव्हां आमच्या कुटुंबानें माझ्याकडे आणि छपरीच्या दाराकडे आळीपाळीनें पाहिलें होतें, हें मीं विसरलों नाहीं.

छपरी बाळगण्यांत सुख आहे, हें ज्यांच्याकडे ती नाहीं त्यांस पटणार नाहीं. दुपारीं पत्रा तापून आंत पाऊल टाकवत नाहीं. आमच्याकडे वैशाखांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पण मृगाचा पहिला पाऊस त्याच पत्र्यावर वाजूं लागला, म्हणजे मी स्टूल घेऊन आंत जाऊन बसतों. माळवदाखालीं पाऊस कधीं ऐकूंच येत नसे. जुनें लांकूड, गंजलेलें लोखंड आणि ओली माती यांचा मिळून जो वास येतो तो मला माझ्या आजोळच्या कोठाराची आठवण देतो. शिवाय छपरीवाल्या माणसास गांवांत एक प्रकारचा मान असतो. कोणास शिडी हवी, कोणास पहार हवी, कोणाचा पोहरा विहिरींत पडला म्हणून गळ हवा. सारे प्रथम आमच्याकडे येतात. “काका, घमेलें आहे का?” असें कोणीं विचारलें, आणि “आहे” म्हणतां आलें, कीं जें समाधान होतें तें वर्गांतील सर्व मुलें पास झाल्याच्या समाधानाहून फारसें कमी नाहीं.

अडचणी मात्र तितक्याच आहेत. दिलेली वस्तु परत येतेच असें नाहीं. आणि परत आलेली पहार आपलीच आहे असेंही खात्रीनें सांगतां येत नाहीं. जी वस्तु शोधावयास जावें ती सोडून बाकीच्या सर्व सांपडतात. आमचें परस जेथें संपतें तेथें गांवची पांढरी संपून काळी माती लागते, आणि छपरीचा एक कोपरा नेमका त्या काळींत आहे. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळें छपरीचें दार श्रावणांत उघडत नाहीं आणि चैत्रांत लागत नाहीं. सुताराला दाखविलें. त्यानें दाराकडे न पाहतां जमिनीकडे पाहिलें आणि म्हणाला, “मास्तर, दाराचा दोष नाहीं.” तें खरेंच होतें, पण त्यामुळें दार कांहीं उघडलें नाहीं.

या सर्व अडचणी हंसण्यावारी नेण्यासारख्या होत्या. पुढें जी आली ती तशी नव्हती.

वडिलांच्या हातची अमरकोशाची एक वही होती. ते निजामी अमदानींत शिकले. तेव्हां शाळेंत उर्दू आणि घरीं संस्कृत असा क्रम असे. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें त्यांनीं तिन्ही कांडें स्वतः उतरून काढलीं आणि समासांत बारीक अक्षरांत प्रत्येक शब्दाचा आमच्या बोलींतील अर्थ लिहिला. कोणत्या झाडास वालूरच्या शिवारांत काय म्हणतात, हें वनौषधिवर्गाच्या कडेनें त्यांनीं लिहून ठेवलें होतें. अमरकोश कोठेंही मिळेल. त्या टिपा दुसरीकडे मिळणाऱ्या नव्हत्या. ही वही इतर कागदांबरोबर एका लांकडी पेटींत होती. घराला रंग द्यावयाचा म्हणून ती पेटी मींच छपरींत नेऊन ठेवली. चार दिवसांकरितां म्हणून ठेवलेली पेटी दोन पावसाळे तेथेंच राहिली. नेली तेव्हां खालीं विटा ठेवाव्या हें मला सुचलें नाहीं.

गेल्या वर्षी पुण्याहून चिरंजीव आले. त्यांचें म्हणणें असें कीं, छपरी पाडून तेथें गाडी उभी करण्यास जागा करावी. मीं रागानें म्हणालों, “तुमच्या आजोबांची वही दाखवितों, मग बोला.” पेटी बाहेर काढली. वरून ती धडधाकट दिसत होती. वहीचा पुठ्ठाही शाबूत होता. तो उघडला, आणि आंतून मातीचा ढेकूळ हातांत आला. वाळवीनें बाहेरची कडा तेवढी ठेवून मधलीं सारीं पानें खाल्लीं होतीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. चिरंजीवांनीं गाडीचा विषय पुन्हां काढला नाहीं. त्यामुळें मला जास्त वाईट वाटलें.

शत्रूची माहिती काढावी म्हणून त्यानंतर मीं वाळवीविषयीं वाचूं लागलों. तिला पांढरी मुंगी म्हणण्याची रूढि आहे, परंतु ती मुंगी नव्हे. शास्त्रज्ञ तिला आतां झुरळाच्या गणांत घालतात. वारुळांतील कामकरी बहुधा आंधळे असतात. त्यांची कातडी नाजूक, उन्हावाऱ्यानें ते सुकून मरतात; म्हणून जेथें जावयाचें तेथपर्यंत ते ओल्या मातीची बोगद्यासारखी नळी बांधीत जातात. आपल्याकडे जी वारुळें बांधते त्या वाळवीच्या पुष्कळ जाती आंत एक प्रकारची बुरशी पिकवितात. खाल्लेल्या लांकडाच्या चोथ्यावर ती वाढते आणि तीच त्यांचें अन्न होते. म्हणजे माझ्या हलगर्जीपणानें वडिलांच्या वहीचें तेथें खत झालें.

आमच्याकडे वाळवीस उधई असेंही म्हणतात. उपदेहिका, उद्देहिका या जुन्या शब्दांच्या कुळांतला हा शब्द आहे. शतपथब्राह्मणांत एक कथा आहे. विष्णु धनुष्याच्या टोंकावर मस्तक टेकून उभा असतां या वम्रींनीं धनुष्याची दोरी कुरतडली. देवांनीं त्याबद्दल त्यांस जें देऊं केलें त्यांत अन्नाबरोबर असें एक वचन होतें कीं, वाळवंटांतही तुम्हांला पाणी सांपडेल. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाणी शोधण्याचें जें प्रकरण लिहिलें आहे त्यांत वारूळ ही मोठी खूण मानली आहे. जांभळीच्या पूर्वेस जवळ वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोडें पाणी लागतें, असे त्याचे आडाखे आहेत. ओलाव्यावांचून जगतां येत नाहीं म्हणून हे किडे खोलवरची ओली माती वर आणतात. तेव्हां त्या जुन्या लोकांनीं पाहिलेलें अगदींच निराधार नव्हतें.

आणखी एक मौज सांगतों. वाचकांनीं ती व्युत्पत्ति मानूं नये. वाल्मीकि ऋषींचें वास्तव्य येथें होतें आणि त्यावरूनच वालूर हें नांव पडलें, अशी आमच्या गांवची श्रद्धा आहे. वल्मीक म्हणजे वारूळ, हें सर्वांस ठाऊक आहे. अमरकोशाच्या भूमिवर्गांत मात्र वारुळाला आणखी दोन नांवें दिलीं आहेत. एक नाकु आणि दुसरें वामलूर. त्यांतील ‘म’ गाळून पाहावा! ही गोष्ट वडिलांच्या ध्यानांत आली होती किंवा नाहीं, त्यांनीं समासांत कांहीं लिहिलें होतें किंवा नाहीं, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. भूमिवर्गाचें पानच वारुळानें खाल्लें.

त्या संध्याकाळीं मी वाटोळ्या बारवेकडे जाऊन बसलों. ही बारव कित्येक वर्षें गाळानें आणि कचऱ्यानें भरलेली होती. घरोघर नळ आले, विहिरींवर पंप बसले. पाणी भरण्याचें काम संपल्यावर बारव ही साऱ्या गांवची छपरी झाली. ज्याला जें नको तें त्यानें तेथें टाकलें. टाकणारा वाईट नव्हता. ‘राहूं दे तूर्त तेथें’ एवढेंच त्याच्या मनांत असे. पुढें गांवकऱ्यांनींच श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हां त्या पायऱ्या पुन्हां उजेडांत आल्या. दगड होता म्हणून तो वाट पाहत राहिला. कागदाला तेवढा धीर नसतो. ठेवणें आणि सांभाळणें या दोन निराळ्या क्रिया आहेत, हें मुलांना धातु शिकवितांना मला ठाऊक होतें. घरीं तें साठी उलटल्यावर कळलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं उभयतांनीं छपरी रिकामी केली. आमच्या कुटुंबानें तीन ढीग घातले: द्यावयाचें, विकावयाचें आणि ठेवावयाचें. बंब लेकीकडे गेला. मोडकें लोखंड भंगारवाल्यानें नेलें. त्यानें तिफणीवरही हात ठेवला होता, पण ती मीं दिली नाहीं. तुळया दगडांवर चढविल्या आणि भिंतीपासून वीतभर दूर केल्या, म्हणजे मातीची नळी चढूं लागली तर दृष्टीस पडावी. नळी दिसली कीं मोडावयाची, आणि दर पंधरा दिवसांनीं दार उघडून सारें पाहावयाचें, असा नेम केला आहे. दार उघडत नसेल तर श्रावणांत खिडकींतून डोकावतों. कागदाचा एकही कपटा आंत ठेवावयाचा नाहीं, हा कुटुंबाचा हुकूम.

वहीच्या शेवटच्या भागांतील अकरा पानें कडेनें खाल्लेलीं पण वाचण्याजोगीं निघालीं. चिरंजीवांनीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं आणि मूळ पानें लोखंडी पेटींत घालून घरांत ठेवलीं. वनौषधिवर्गाच्या टिपा गेल्या त्या गेल्या. त्यांतील ज्या मला पाठ आहेत त्या मीं नव्या वहींत लिहूं लागलों आहे. ज्या झाडांचीं नांवें आठवत नाहींत तीं शिवारांत जाऊन म्हाताऱ्या माणसांस विचारतों. आतांपर्यंत चाळीस झालीं. विचारावयास गेलों कीं त्यांतला एखादा हटकून म्हणतो, “सांगतों मास्तर, पण तुमची पहार माझ्याकडेच आहे बरें का, उद्यां पाठवितों.”