सहा नंबरची कॅमॅरो गेली

आमच्या घरातली निळी कॅमॅरो या पावसाळ्यात गेली. लांबी साडेसात सेंटीमीटरला जरा कमी, खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याची. मामांनी नागपूरला सीताबर्डीवर घेतली होती आणि एस.टी.नं यवतमाळला येताना सदऱ्याच्या खिशात घालून आणली होती. दारावर सहाचा आकडा, अंगावर पिवळी अक्षरं.

थोरली गाडी म्हणजे १९६९ची शेवरले कॅमॅरो झेड/२८. अमेरिकेतल्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत पाच लिटरच्या वरचं इंजिन चालत नसे. म्हणून शेवरलेनं ३२७ घनइंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३चा क्रँक बसवला आणि ३०२ घनइंचांचं इंजिन जुळवलं. कागदावर ताकद २९० अश्वशक्ती. खरी त्याहून बरीच जास्त. रॉजर पेन्स्केच्या चमूतल्या मार्क डॉनह्यूनं १९६८ साली आधीच्या कॅमॅरोवर १३ पैकी १० शर्यती मारल्या, आणि १९६९चं विजेतेपदही शेवरलेकडेच राहिलं. डॉनह्यू १९७५ साली ऑस्ट्रियातल्या सरावात अपघात होऊन गेला.

आम्हा पोट्ट्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ओसरीची शहाबादी फरशी अंगणाकडे उतरती होती, तोच आमचा ट्रॅक. दोन फरश्यांच्या सांध्यावर गाडी हमखास उडायची. न उलटता पायरीपर्यंत पोचली तर जिंकली. हरायला लागली की समजायचं, आसात केस अडकलाय. मग आईच्या शिवणाच्या सुईनं तो केस हळूच उकलायचा, खोबरेल तेलाचा अर्धा थेंब सोडायचा. तेलाला काळी माती चिकटायची ती वेगळीच.

रस्त्यावर त्या तोंडवळ्याची एकच गाडी दिसे, कॉन्टेसा. १९८४मध्ये आली. लांब नाक, रुंद बसकण, सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, आणि पोटात सुरुवातीला अँबेसिडरचंच दीड लिटरचं इंजिन. पुढे इसुझूचं १.८ लिटर आलं तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. २००२मध्ये तीही बंद पडली. माझ्या मते खेळण्यातली गाडी खरं तर कॉन्टेसाच होती. आमच्या कॅमॅरोनं निदान इंजिन असल्याचा आव आणला नाही.

तिचा आजार जुना होता. अशा गाड्या जस्ताच्या मिश्रधातूत ओततात. त्यात शिशाचा अंश गेला, तर धातू वर्षानुवर्षं आतून पोखरत जातो, ओल लागली की लवकर. आधी बॉनेटवर केसाएवढी चीर, मग रंगाखाली फुगवटा, आणि यंदा श्रावणात कपाट पुसताना छप्पर बोटांत भुगा होऊन आलं. यावर औषध नाही. चाकं, काचा धड आहेत, त्या प्लास्टिकच्या.

धाकट्या भावानं उरलेलं धड दारावर आलेल्या भंगारवाल्याला दाखवलं. जस्ताला भाव आहे म्हणाला, पण चाळीस ग्रॅमसाठी तराजू कोण काढणार, भाऊ?