मणी आणि सुई

1
जामखेड, 1970 नंतर. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करतात. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर.
गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी 2005 मध्ये आलेल्या सरकारी 'आशा' योजनेतली अट: आठवी पास.

2
गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेने केलेली एक पाटी. बाळाने दहा श्वास घेतले की एक मणी सरकवायचा. सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत मणी संपले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू. ज्या सुईणींना फार पुढे मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी. सेल लागत नाही, नेटवर्कही नाही.

3
'सर्च'चाच पुढचा प्रयोग. 39 गावांत आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळं सांभाळणार. 47 गावं नेहमीच्या सेवेवर. 1993-95 मध्ये हजार जन्मांमागे नवजात मृत्यू अनुक्रमे 62 आणि 58. 1997-98 मध्ये 25.5 आणि 59.6.
'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष: 1999. देशभर सरकारी कार्यक्रम, आशांमार्फत: 2011.
नवजात म्हणायचं ते पहिल्या 28 दिवसांपुरतं.

4
जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला आरोग्यदूत घरीच जेंटामायसिनची सुई देत. सरकारी कार्यक्रमात घरभेटी आल्या, वजनकाटा आला, थर्मामीटर आला. सुई तेवढी आशाच्या पिशवीत आली नाही. 2014 मध्ये ती ठरावीक परिस्थितीत एएनएमना, म्हणजे सरकारी परिचारिकांना, मिळाली. एएनएम उपकेंद्रात असते, बाळ घरी.

5
2001. काही संस्थांनी मिळून महाराष्ट्रातले बालमृत्यू मोजले. अहवालाचं नाव 'कोवळी पानगळ'. सरकारी कागदावर मुलं बरीच कमी मरत होती. पुढे सरकारने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, अध्यक्ष अहवाल काढणाऱ्यांतलेच, 'सर्च'चे डॉ. अभय बंग. ओरडणाऱ्यालाच मोजायला बसवायचं! शहाणपण होतं की युक्ती? मला वाटतं, दोन्ही.

6
बंगांच्या गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर दारूबंदी, 1993. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. आणताना ग्रामपंचायतींचे ठराव गोळा करावे लागले होते. उठवायला मंत्रिमंडळाची बैठक पुरली.

7
आशाच्या घरभेटी: दिवस 3, 7, 14, 21, 28, 42. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. कार्यक्रम आला तेव्हा या सगळ्यांचा मिळून मोबदला 250 रुपये.

8
मे 2022: जागतिक आरोग्य संघटनेकडून भारतातल्या आशांचा गौरव.
ऑक्टोबर 2023: महाराष्ट्रातल्या आशा संपावर. मागण्यांत मानधनवाढ आणि दिवाळी भेट.