दगडाचा अंगरखा

गेल्या जानेवारीत बाल्टिमोरला पुतण्याकडे गेलो, तेव्हा थंडी हाडांत शिरत होती. घरे एकमेकांना खेटून रांगेने उभी. त्यांतली कितीतरी दगडी! “अरे, हा तर किल्लाच!” मी उद्गारलो.

पुतण्या हसला. “काका, आत वीटच आहे. हा फॉर्मस्टोन. आल्बर्ट नाइटने १९३७ साली इथेच त्याचे पेटंट घेतले. विटांवर लोखंडी जाळी ठोकायची, सिमेंटचे थर द्यायचे आणि वरच्या ओल्या थरावर रंगीत दगडांचे सोंग वठवायचे.”

मग त्याने कोपऱ्यातली फट दाखवली. तिच्यातून पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट नसते. गोठले की ते सुमारे ९ टक्के फुगते आणि जुन्या मऊ विटेचा भुगा होतो. म्हणून उन्हाळ्यात तो हा दगड उतरवणार होता.

शेजारच्या आजी ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, “माझ्या यजमानांनी पै पै साठवून हा बसवला. दरवर्षी विटा रंगवण्याची कटकट गेली. घर दगडाचे झाले!”

रात्री पुतण्या म्हणाला, “काका, आपला दगड काढू. त्यांच्या फटी आणि पन्हळ मीच दुरुस्त करून देईन.”

तो किल्ला मला तेव्हा खरा वाटला.