कंबर सांगते कूळ

मुंगी ओळखताना रंग आणि आकार या दोन्ही गोष्टी मी सगळ्यात शेवटी विचारात घेतो. फायडोली प्रजातीच्या एकाच बिळातून नाजूक कामकरी मुंग्या बाहेर पडतात आणि त्यांच्याच, प्रचंड डोक्याच्या बहिणीही. बघणाऱ्याला त्या दोन वेगळ्या जाती वाटतात. उलट अंगणातला काळा मुंगळा आणि आंब्याची पानं जोडून घरटं करणारे तांबडे हुमले मात्र एकाच उपकुळातले.

म्हणून आधी कंबर बघावी. दहापट भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि मुंगी हळूहळू भिंगाजवळ आणायची. छाती आणि पोट यांच्यामध्ये गाठ एक आहे की दोन? दोन असतील, तर बहुधा मिर्मिसिनी उपकूळ. एकच असेल, तर पोट तपासायचं. पहिल्या खंडानंतर आवळल्यासारखी खाच आणि टोकाला नांगी असेल तर पोनेरिनी. टोकाला गोल छिद्र आणि भोवती केसांची झालर असेल तर फॉर्मिसिनी. मुंगळे आणि हुमले या शेवटच्या घरचे. त्यांना नांगी नसते, त्या छिद्रातून ते फॉर्मिक आम्ल सोडतात.

दोन गाठींच्या क्रेमॅटोगॅस्टर या प्रजातीची कंबर बघावी तर बाजूने. हिची दुसरी गाठ पोटाच्या पुढच्या टोकाला न जुळता वरच्या बाजूला जुळते. त्यामुळे सह्याद्रीत झाडावरच्या तिच्या घरट्याला धक्का लागला, की मुंग्या बदामाच्या आकाराची पोटं पाठीवरून थेट डोक्याकडे उलटतात. तो सांधा एकदा नीट पाहिला, की लांबूनही ही मुंगी ओळखू येते.

हुमल्यांच्या रांगेजवळ तर पायही मोजावेत. त्यांच्यासारखाच दिसणारा एक उड्या मारणारा कोळी तिथे वावरतो. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे हवेत हलवतो, पण पाय भरतात आठ.

हुमल्यांचं पूर्ण नाव जंगलातच घेता येतं. मुंगळ्यांचं तसं नाही. त्यांच्या कॅम्पोनोटस प्रजातीत जगभरात हजाराहून अधिक जाती आहेत. अंगावरचे केस, कवचावरची नक्षी, डोक्याची मापं सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, बिंगहॅमच्या 1903 सालच्या ग्रंथापासून नव्या कामापर्यंतची वर्णनं ताडून पाहिल्याशिवाय जाती ठरवू नये. तोवर मी वहीत 'कॅम्पोनोटस, जाती अनिश्चित' एवढंच लिहितो आणि तिथे थांबतो. चुकीचं नाव पुढच्या अभ्यासकाला त्या डोंगरावर नसलेली मुंगी शोधायला लावतं. अपुरं पण खरं नाव त्याच्या कामाला येतं. तो तिथून पुढे जाऊ शकतो.