शिडाची फळी

जुनी वस्तू विकत घेणे ही आपल्या घरांतून अजूनही काहीशी कमीपणाची गोष्ट समजली जाते. गरज म्हणून घेतली, तरी शेजाऱ्यांना सांगताना आवाज खाली येतो. नेदरलँड्समध्ये लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा निराळाच अनुभव आला. तिथे सायकल, पाळणा, पियानो, सारे काही बिनदिक्कत दुसऱ्या हातून घेतात आणि काम संपले की तिसऱ्या हाती सोपवतात. माझ्या चौदा वर्षांच्या नातवाने उन्हाळ्यात विंडसर्फिंगचे प्राथमिक शिक्षण घेतले होते. त्याला स्वतःची फळी हवी होती. नव्या फळीची किंमत शिडासकट हजार युरोंच्या पुढे जात असल्याने जुनीच पाहावी असे ठरले. एका गृहस्थाकडे दोन फळ्या होत्या आणि पाण्यात उतरवून पाहायला त्यांची हरकत नव्हती. जानेवारीतल्या एका वाऱ्याच्या शनिवारी आम्ही रॉटरडॅमहून निघालो. कोळ्याच्या घरात जन्मलेला आजोबा सोबत असावा, असे लेकीला वाटले.

विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून शीड हातांनी पेलणे. या होडीला सुकाणू नसते. डोलकाठी फळीत रोवलेली नसते. ती रबरी सांध्यावर बसवलेली असल्यामुळे कुठल्याही दिशेला कलते. शीड पुढे कलवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६४ साली अशी शिडाची फळी केली. कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली आपल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण हा खेळ लोकांच्या घराघरांत नेला तो युरोपने आणि त्यातही डचांनी. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगचा प्रथम समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक स्टेफान व्हॅन डेन बर्ग या डच तरुणानेच मिळवले.

आम्ही गेलो ते ठिकाण ब्रौवर्सडॅम. ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्र या देशात शिरला आणि १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर डचांनी खाड्यांची मुखे एकामागून एक बांधून काढली. १९७१ साली पुरा झालेला हा बांध त्यांपैकीच एक. पश्चिमेला खुला समुद्र, पूर्वेला अडवलेल्या खाडीचे खारे सरोवर आणि मधून रस्ता. ज्या समुद्राने घरे नेली, त्याच्या काठी त्या लोकांची नातवंडे शिडे घेऊन खेळतात, हे पाहून मी थोडा वेळ गप्पच झालो.

फळ्या गाडीच्या टपावरून उतरवल्या. एक अरुंद, चकचकीत, ९५ लिटरची. दुसरी रुंद, ओरखड्यांनी भरलेली, १८५ लिटरची आणि मध्ये खाली सोडायची पाती असलेली. लिटर हे मोजमाप फळीच्या आकारमानाचे. जितके लिटर, साधारण तितके किलो वजन ती पाण्यावर धरते. नातवाची नजर अर्थातच चकचकीत फळीवर. मी बोटाच्या पेराने दोन्ही फळ्यांवर ठोकत गेलो. वडील होडीच्या फळ्या अशाच ठोकून पाहत. रुंद फळी सर्वत्र एकसारखी टणक वाजली. अरुंद फळीचा डोलकाठीजवळचा आवाज मात्र मंद, भरल्यासारखा आला आणि अंगठ्याने दाबताच तिथे किंचित खळगा पडला. वरचे कवच आतल्या फोमपासून सुटले होते. सोबत आणलेल्या ताणकाट्याला लावली, तर सात किलोंची म्हणून छापलेली फळी नऊ किलो भरली. जास्तीचे दोन किलो म्हणजे आत मुरलेले पाणी. रुंद फळीचे वजन बरोबर भरले. तिचा रबरी सांधा मात्र वाकवताच भेगा दाखवू लागला. शीडही तपासले. पारदर्शक भाग उन्हाने धुरकट झाला की कापडासारखा न वाकता तडकतो. हे शीड अजून बरे होते.

मग कुठे उतरायचे, हा प्रश्न आला. वारा पूर्वेचा होता, ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आणि दुपारनंतर वाढणारा. नातू समुद्राच्या बाजूला धावला. “आजोबा, इकडे बघा ना, पाणी किती सपाट आहे!” पाणी खरोखरच सपाट होते. सरोवराच्या बाजूला लाटा बांधावर आपटत होत्या.

मी म्हणालो, “इकडे नाही.”

आमच्या पाचूबंदरात हिवाळ्यातल्या पहाटेच्या वाऱ्याला मतलई म्हणतात. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. शिडाच्या दिवसांत होड्या त्याच्याबरोबर बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्याने परतत. मतलईत किनाऱ्याजवळचे पाणी आरशासारखे असते, कारण लाट उठायला तिथे वाऱ्याला अंतरच मिळत नाही. दूर गेल्यावर त्याचे खरे रूप दिसते. माझे धाकटे काका अशाच एका पहाटे लहान होडी घेऊन एकटे गेले. दुपारी वारा फिरलाच नाही. त्यांचे शीड तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका होडीला सापडले. काका सापडले नाहीत. आजी पुढे कित्येक वर्षे सपाट समुद्राकडे पाठ करून बसे.

हे सारे मी नातवाला तिथे, त्या बोचऱ्या वाऱ्यात सांगितले. विक्रेत्या गृहस्थांना लेकीने त्याचा अर्थ सांगितला. ते काही न बोलता फळ्या उचलून सरोवराच्या बाजूला चालू लागले.

पाण्याचे तापमान पाच-सहा अंश असेल. पाच मिलिमीटर जाडीच्या रबरी पोशाखात थोडे पाणी शिरते आणि अंगाच्या उबेने तापते. तरी हात लवकर बधिर होतात, म्हणून अर्ध्या तासाची मुदत घातली. अरुंद फळीवर तो शीड ओढून उभा राहीपर्यंत सात वेळा पडला. दर वेळी वाऱ्याने त्याला बांधाकडेच परत आणले. रुंद फळीवर दोनदा पडला. तिसऱ्यांदा शीड भरले, पाठ ताठ झाली आणि तो आडव्या वाऱ्याने दीडशे हात सरळ गेला. वळला, पुन्हा आला. ओठ निळे पडले होते, पण उतरायला तयार नव्हता. मुदत संपताच लेकीने त्याला बाहेर काढून घोंगडीत गुंडाळले.

रुंद फळी शिडासह अडीचशे युरोंना सांगितली होती. सांध्याचे कारण दाखवून दोनशे वीसला मिळाली.

माझ्या वडिलांनी होडीला इंजिन बसवले, तेव्हा मी नातवाच्याच वयाचा होतो. त्यानंतर आमच्या घरात कोणी शीड हाती धरले नाही. वाऱ्याची भाषा म्हाताऱ्यांपाशी राहिली आणि त्यांच्याबरोबर मातीत गेली. इंजिनामुळे माणसे वाचली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आता रविवारी फोनवर नातू आधी वाऱ्याचे सांगतो, मग शाळेचे. मागच्या आठवड्यात म्हणाला, “आजोबा, आज मतलई होता, मी गेलो नाही.” पूर्वेच्या वाऱ्याला तिथे कोणी मतलई म्हणत नाही. मी त्याला दुरुस्त केले नाही.